टिकलीचं बटण

मंगळवार, संध्याकाळ. डिंडोली

कीबोर्डचं दुखणं आज एकदाचं गेलं. हा जुना कॉम्प्युटर घेतल्यापासून ईमेलमधलं @ छापलंय तिथे यायचंच नाही, भलत्याच बटणावर यायचं. साड्यांच्या ऑर्डरी पाठवताना मी रोज चुकायचे, म्हणून आमच्या ह्यांनी त्या बटणावर माझी लाल टिकली चिकटवली होती. दुपारी सेटिंगमध्ये बघते तर कीबोर्ड ब्रिटनचा लावलेला. भारताचा केला, @ आपल्या जागी आलं. इतके दिवस मला का सुचलं नाही?

हे लूमच्या कारखान्यातून आल्यावर मी त्यांना ऐटीत दाखवलं. "मंग टिकली?" एवढंच म्हणाले. नखानं ती हळूच सोडवली आणि @ छापलेल्या बटणावर अंगठ्यानं दाबून बसवली.

तिथे आता खुणेची काय गरज, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.