पाठीवरचे केस

बाबा, आज तलावावर एका पोरीनं मला विचारलं, "सर, अंगावरचे केस काढले तर खरंच जोरात पोहता येते का?" पुढच्या आठवड्यात नागपूरला तिची स्पर्धा आहे आणि घरी तिची आई नको म्हणते. मला जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगितलं. केस पाण्याला थोडे अडवतात, ते गेले की अंग जरा हलकं सरकतं. रेझरनं कातडीवरचा मेलेला थर निघतो, त्यामुळे पाणी अंगाला जास्त कळतं. पण फरक अगदी थोडा असतो, आणि त्यातला अंगातला किती, मनातला किती, हे मलाही सांगता येणार नाही. ती "बरं सर" म्हणून गेली. मी मात्र काठावर पाय सोडून बराच वेळ बसून राहिलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न कुणी काढला की मला आपल्या वरठीच्या घराची मागची न्हाणी दिसते.

मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होतो. विभागीय स्पर्धेला नागपूरला जायचं होतं आणि सरांनी सांगितलं होतं की छाती, हात, पाय, पाठ, सगळं साफ करून या. मी घरात तसं बोललो, वर मिशीही काढतो म्हणालो, आणि तांदूळ निवडणारी आई सूप बाजूला ठेवून उठली. "बाप जिता असताना पोरगा अंगावर वस्तरा फिरवते का? अन् मिशी बी काढतो म्हणते! हे असलं काम माह्या घरात नाही होनार." तेवढ्यात तुम्ही कारखान्यातून आलात. सायकल भिंतीला टेकवली, डबा आईच्या हातात दिला, दोघांचं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तुम्हीही नाहीच म्हणणार. तुम्ही म्हणालात, "मिशी राहू दे. तेवढ्यानं काही तू मागं नाही पडत. बाकीचं कर." आई रागानं आत गेली.

छाती झाली, हात झाले, पाय झाले. पाठीवर हात पोहोचेना. मी न्हाणीत वाकडातिकडा होतोय आणि तुम्ही दारात उभे राहून पाहताय. "दे इकडं," तुम्ही म्हणता. तुमचाच ब्रश, तुमच्याच साबणाचा फेस. "हे अस्वलाचं अंग तुह्या आज्याचं हाय. माह्याकडून नाही आलं." मग तुम्ही विचारता, "केसानं खरंच फरक पडते का रे?" मी म्हणतो, "सर म्हणतात, पडते." तुम्ही तुमचे दोन्ही हात माझ्यापुढे धरता. भट्टीच्या धगीनं कोपरापर्यंत एक केस राहिलेला नसतो. "मंग मीच जातो ना नागपूरले! मले तं कोनी धरूच नाही शकत." आपण दोघं हसलो, इतकं की फेस तुमच्या शर्टावर उडाला. आणि आत भांडी आपटणारी आई गप्प झाली, म्हणजे तीही हसत असणार. "हालू नको, बाबू," तुम्ही म्हणालात आणि हळूहळू, एकेक पट्टा घेत, सगळी पाठ साफ केलीत. शेवटी लोटाभर पाणी ओतून मानेपासून कमरेपर्यंत तळहात फिरवून पाहिलात, कुठं राहिलं तर नाही. त्या तळहाताला घट्टे होते. नुकत्या साफ केलेल्या कातडीला ते केवढे खरखरीत लागले.

दुसऱ्या दिवशी पाण्यात सूर मारला आणि मला वाटलं, पाणी आज पहिल्यांदाच माझ्या अंगाला लागलंय. प्रत्येक हात कळत होता, पाठीवरून जाणारी प्रत्येक लाट कळत होती. मी दुसरा आलो. तेवढ्या जोरात मी आधी कधी पोहलो नव्हतो, नंतरही नाही. तुम्ही पाळी बदलून आला होतात. "केसानं झालं का?" "माहीत नाही, बाबा. आठवडाभर सरांनी आरामही दिला होता." तुम्ही थोडा विचार केलात. "मले तं वाटते, माह्या हाताचा गुन हाय."

पुढच्या हिवाळ्यात कारखान्यातच तुम्हाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मग रोज सकाळी मी तुमची दाढी करू लागलो. सैल पडलेला गाल अंगठ्यानं ताणून धरायचा, ओठाच्या कोपऱ्याशी जपायचं. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. एकदा मी असाच तुमच्यावर वाकलो होतो आणि तुमचा डावा हात माझ्या बनियनखाली शिरला, पाठीवर फिरला. केस केव्हाच परत आले होते. तुमच्या घशातून काहीतरी निघालं. मी विचारलं, "काय बाबा? काय म्हणता?" तुम्ही पुन्हा तोच आवाज काढलात. मी पुन्हा विचारलं. मग तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत, अर्ध्या गालावर फेस तसाच होता. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा वैनगंगेच्या घाटावर न्हाव्यानं माझं मुंडण केलं, मिशी काढली. काकांनी दंडाला धरून पाण्यात नेलं आणि म्हणाले, "बुडी मार." मी डोकं पाण्याखाली घातलं आणि नागपूरच्या त्या दिवसासारखंच पाणी पुन्हा अंगाला लख्ख लागलं. माझं मन कुठं होतं कोण जाणे, पण अंगाला बरं वाटलं, बाबा. हात आपोआप पुढे ताणले गेले, जणू आता पुढे जायचंय. काकांनी ओढून बाहेर काढलं. त्यांना वाटलं, मी बुडतोय. काठावर बसून मी एवढा रडलो की लोक म्हणाले, रडू द्या, पोरगा मोकळा होऊ द्या. त्यानंतर मी कुठल्याही स्पर्धेत उतरलो नाही. नोकरीमुळे सुटलं, असं सांगतो. लोकांना पटतं.

आई आता आंधळगावला ताईकडे असते. तिला हे वाचून दाखवावं असं लिहिताना एकदोनदा मनात आलं, पण नाही दाखवणार. वर तुमच्या तोंडी जे जे बोलणं लिहिलंय ना, ते मी अदमासानं लिहिलंय. शब्द तसेच होते की वेगळे, हे ती लगेच सांगेल. तिला तुमचा आवाज अजून आठवतो. मला आठवत नाही.