पाळण्यातला वरवंटा

॥ श्री ॥

रहिमतपूर,
दि. ९ डिसेंबर २०२४

सौ. शालूबाई विहीणबाई यांस,
बयाबाईचा स. न. वि. वि.

हे पत्र शेजारची सलिमा लिहितीया. शिलाईचं काम बाजूला ठेवून बसलीया, आणि मी बोलीन तसंच उतरवायचं अशी तिला ताकीद हाय. मला अक्षर येत न्हाई हे तुमाला ठावं हाय. तुमी चौथी शिकलाय हे सगळ्या पलूसला ठावं हाय. तवा उत्तर तुमच्या हातचंच यावं.

फोन का केला न्हाई म्हणाल, तर त्या डबीवर माझा इस्वास न्हाई. मागल्या आठवड्यात सुनेला नुसतं म्हणलं, शिवतेजच्या पोरीला वाकळ शिवायची हाय. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर वाकळंच्याच जाहिराती, एकीवर एक फुकट. एवढं कान देऊन माझं पोटचं पोर कधी ऐकलं न्हाई. शिवाय तुमच्याकडं फोन लावला की शिवांजली तो स्पीकरवर टाकते. मग दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना घालायचे टोमणे सगळ्या घराला ऐकू जातात. पाकीट कसं, चिकटवलं की त्याचं तोंड बंद.

शिवांजली तुमची नात खरी, पण आमच्या शिवतेजची बायको, म्हणून आमची बी नातसून. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच हाय, माझी तक्रार न्हाई. पण पोरगी महिन्याची व्हायला आली आणि मी तिला सलिमाच्या फोनवर बघते. शिवांजली स्टेटस टाकते, त्यात छकुली तुमच्या मांडीवर हसते, आणि माझं बोट काचेवर लागलं की चित्रच पळून जातं. गुडघ्यानं दगा दिला नसता तर यस्टीनं पलूस गाठलं असतं. तुमच्या मांडीत पोरीला असं काय गोड लागतं कुणास ठाऊक. माझी बी मांडी काय दगडाची न्हाई.

आणि आता तो पाळणा. सूनबाई बाळंतविडा घेऊन तुमच्याकडं आली होती, तिनं परत येऊन दोन दिवस दुसरं काही सांगितलंच न्हाई. शिवतेजनं म्हणं तिकडं फौजेत, लडाखहून बसल्या जागी मागवला. पांढराफेक, जमिनीवर बसतो, दोरी न्हाई, कडी न्हाई, पोर रडलं की आपला आपण झोका देतो आणि वर अंगाईगीत म्हणतो. म्हणू दे. पण ते गीत तुमच्या आवाजात भरलंय हे कळलं आणि मला दोन घास कमी गेले. माझ्या नातवाचा पैका, माझ्या नातवाची पोरगी, आणि आवाज तुमचा. मला कुणी विचारलं बी न्हाई. शिवतेज कुणाच्या गाण्यावर झोपायचा ते त्याला विचारा.

आमचा सागवानी पाळणा माळ्यावर हाय, शिवतेजचाच. संक्रांतीला छकुलीचं बोरन्हाण रहिमतपूरला, आणि झोका त्याच पाळण्यात. एवढं एक माझं मागणं हाय.

तुमच्या घरधनी आकारामदादांना नमस्कार. छकुलीची माझ्या नावानं दृष्ट काढा, आणि माझी लागली असंल तर ती बी काढा.
जीव तुमच्याकडं गुंतलेला, तो लोभ समजून घ्यावा.

बयाबाई यांचा अंगठा



॥ श्री ॥

पलूस,
दि. १६ डिसेंबर २०२४

गं. भा. बयाबाई विहीणबाई यांस,
शालूबाईचा सा. न. वि. वि.

पत्र पावले. टोमणे मोजले नाहीत, सगळे गोड मानून घेतले. माझे अक्षर आता किडामुंगीचे झाले आहे, सलिमाला म्हणावे समजून वाच.

गाण्याचे म्हणाल तर मी काही मागून घेतले नाही. शिवांजलीने फोन तोंडापुढे धरला आणि म्हण म्हणाली. मला वाटले कौतुकाने ऐकते आहे. आता पाळणा गातो आणि मी गप्प. परवा छकुली रडली म्हणून मी गायला लागले, तर शिवांजली म्हणाली आजी थांब, दोन दोन आवाज झाले की ती बावरते. दोन्ही आवाज माझेच होते, विहीणबाई. तेव्हा जळायचेच असेल तर दोघी मिळून जळू, शेगडी एकच लागेल.

आता मनातली एक भीती फक्त तुम्हाला लिहिते, कारण इथे बोलले तर हसतील. दिवेलागणीला मी छकुलीला पाळण्यातून उचलते, अंगारा लावते आणि मांडीवर घेऊन बसते. तेवढी एक वेळ माझी आहे, ती मी यंत्राला दिलेली नाही. तर नेमक्या त्याच वेळेला तो रिकामा पाळणा आपोआप हलायला लागतो. हळूहळू, कोणी शेजारी बसून झोका द्यावा तसा. थोडा वेळ हलतो आणि थांबतो. आधी वाटले की ह्यांच्या मालिकेतली बाई रडते तिला ऐकून हलत असेल, कारण ती बाई दिवाळीपासून रडतेच आहे. टीव्ही बंद करायला लावला, घरधनी रुसून बसले, तरी पाळणा हललाच.

रिकामा पाळणा हलवू नये, पोराला बाधतो, हे तुम्हाला मी काय सांगायचे. शिवांजली म्हणते यंत्र आहे, काहीतरी बिघडले असेल, कंपनीला कळवू. बंद करू म्हटले तर नको म्हणते. तो बंद पडला की तिकडे शिवतेजरावांच्या फोनवर दिसते म्हणे, आणि ते काळजी करत बसतील. तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला चार गोष्टी जास्त माहीत. काय करू ते सांगा.

संक्रांतीचे आत्ताच कबूल करत नाही. थंडी फार आहे, आणि हा पाळणा गाडीत घालून हलवणे अवघड. शिवांजलीला पाळण्याशिवाय राहायचा धीर नाही. होळीनंतर बघू म्हणते.

राग नसावा, असला तर पुढच्या पत्रात घालून पाठवावा.

आपली,
शालूबाई



॥ श्री ॥

रहिमतपूर,
दि. २० डिसेंबर २०२४

सौ. शालूबाई विहीणबाई यांस,
बयाबाईचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र सलिमानं वाचलं, मी दोनदा ऐकलं. तुमाला बी गप बसवलं हे ऐकून पयल्यांदा बरं वाटलं, मग वाईट वाटलं. कुठलं आधी ते लिहू नका असं सलिमा म्हणत होती. मी म्हणलं, लिही.

आवं, ह्या यंत्रांचा स्वभावच असा. सूनबाईच्या मनगटाला घड्याळ हाय. ते तिला म्हणतं, लय वेळ बसलात, आता उठा. आणि ती उठते. तेच मी म्हणलं असतं तर आठ दिवस चूल वेगळी झाली असती. मागल्या महिन्यात गावच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला, आमच्याच ओढ्याकडच्या उसात बसलेला. तोडकऱ्यांनी कोयते टाकले, गडी काठ्या घेऊन धावले. सलिमानं शांतपणे चित्र मोठं करून बघितलं, तर बिबट्याला पाय पाच. कुणीतरी घरी बसून बनवला होता. तोवर खऱ्या बिबट्यानं पलीकडच्या आळीतलं शेरडू नेलं. खोट्याच्या मागं सगळा गाव, खऱ्याला कुणी विचारंना. तसंच आजीचं झालंय.

आता तुमच्या पाळण्याचं. कंपनीला कळवून काय व्हायचं न्हाई, कंपनीला काय ठावं रिकामा पाळणा म्हंजे काय. उपाय सोपा हाय. बारशाला आपण काय करतो? वरवंट्याला टोपडं-कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतो, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. पोराआधी मान वरवंट्याचा. तवा दिवेलागणीला छकुलीला उचललं की तिच्या जागी वरवंटा ठेवायचा. नीट धुऊन, हळदकुंकू लावून, दुपट्यात गुंडाळून. मग पाळणा हलू दे किती हलतो ते. रिकामा न्हाई म्हणल्यावर दोष न्हाई. शिवांजलीला सांगायची गरज न्हाई, ती तवा अंघोळीला जात असंल न्हाईतर फोनात असंल.

उपाय फुकट दिलेला न्हाई. बोरन्हाण रहिमतपूरला. होळी-बिळी मी ऐकायची न्हाई. बोरं मी निवडून ठेवते, हलव्याचे दागिने सलिमाची नणंद करणार हाय. तुमचं यंत्र तिथंच ऱ्हाऊ दे, त्याला वरवंटा सोबतीला हाय.

वाकळ पुरी होत आली. तुमाला दाखवीन, पण हात लावू द्यायची न्हाई.
माया पातळ करू नका.

बयाबाई यांचा अंगठा



॥ श्री ॥

पलूस,
दि. २४ डिसेंबर २०२४

गं. भा. बयाबाई विहीणबाई यांस,
शालूबाईचा सा. न. वि. वि.

आधी हे वाचा की छकुली सुखरूप आहे, सगळे सुखरूप आहेत. आता बाकीचे लिहिते.

तुम्ही सांगितलेत तसा काल वरवंटा धुतला, हळदकुंकू लावले, दुपट्यात गुंडाळला आणि छकुलीला उचलून तिच्या जागी ठेवला. वर टोपडेही घातले, म्हटले अर्धवट नको. शिवांजली न्हाणीत होती. छकुलीला घेऊन मी देवापुढे बसले. पाळणा हलायला लागला आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही.

थोड्या वेळाने पाळणा थांबला आणि त्यातून कसली तरी शिट्टी वाजायला लागली. मी म्हटले, वाजू दे. मग शिवांजलीचा फोन वाजला, मग घरधन्यांचा. ह्यांनी उचलला तर शिवतेजराव. एरवी किती सावकाश बोलतात, काल शब्दावर शब्द आदळत होते. छकुली श्वास घेते का बघा, एवढेच म्हणत होते. तो पाळणा म्हणे पोराचे वजन आणि श्वास बघत असतो. वजन आहे पण श्वास नाही, हालचाल नाही, असे त्याला वाटले आणि त्याने तिकडे लाल अक्षरात निरोप धाडला. शिवतेजराव तसेच धावत साहेबांच्या तंबूत गेले आणि तिथल्या मोठ्या फोनवरून लावला.

हे धावत पाळण्यापाशी गेले. दुपटे उलगडले. यांना कमी ऐकू येते, म्हणून स्वतःही मोठ्याने बोलतात, ते तुम्हाला माहीत आहे. आख्खी आळी ऐकेल असे ओरडले, "पोरगी मांडीवर हाय ओ! पाळण्यात वरवंटा हाय!"

तिकडून हसल्यासारखे काहीतरी आले, पण ते हसणे नव्हते. शिवांजली ओल्या केसांनी आली, तिने फोन हातात घेतला, आणि वरवंट्याचे टोपडे काढून माझ्या हातात दिले. विहीणबाई, त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरे.

मी फोन मागून घेतला आणि शिवतेजरावांना सगळे सांगितले. संध्याकाळी रिकामा पाळणा हलतो, त्याची भीती वाटते, म्हणून तुमच्या आजीने हा उपाय सांगितला. तुमचे नाव घेतले, त्याची क्षमा असावी, एकटीने शिव्या खायचा धीर झाला नाही. त्यांनी विचारले, रोज संध्याकाळी रिकामाच असतो का. मी म्हटले हो, त्या वेळेला छकुली माझ्याकडे असते.

मग ते म्हणाले, "मग आजी, मी इतके दिवस कुणाला झोका देत होतो?"

त्यांच्या फोनवर एक बटण आहे. ते दाबले की इथला पाळणा हलतो. त्यांच्या चौकीवर रेंज येते ती संध्याकाळीच, तीही एवढीशी. चित्र येत नाही, आवाज येत नाही, पोर आत आहे का तेही दिसत नाही; नुसते बटण चालते, नाहीतर धोक्याचा निरोप तेवढा पोचतो. ते रोज पहाऱ्याला जायच्या आधी थंडीत उभे राहून, हातमोजा काढून, ते बटण दाबायचे. शिवांजलीलाही सांगितले नव्हते. लाज वाटली म्हणाले. रजा कधी मिळेल ते ठरलेले नाही, आणि छकुलीला अजून त्यांनी हातात घेतलेले नाही.

मी फोन ठेवला. छकुली मांडीवर होती, पण मांडी जड झाली. आता काय करावे ते सुचत नाही. पुन्हा तुम्हालाच विचारते. या वेळी वरवंट्याखेरीज काही सांगावे.

लोभ राखण्यासारखी मी उरले असेन तर राखावा.

आपली,
शालूबाई



॥ श्री ॥

रहिमतपूर,
दि. ३० डिसेंबर २०२४

सौ. शालूबाई विहीणबाई यांस,
बयाबाईचा स. न. वि. वि.

पत्र ऐकताना सलिमा मधेच थांबली आणि पदरानं चष्मा पुसला. मी म्हणलं, पुढं वाच. पुढं ऐकल्यावर माझा बी पदर डोळ्याला गेला. नाव घेतलं ते बरं केलंत. उपाय माझा, शिव्या बी माझ्याच. शिवतेजनं मला फोन केला होता. रागवला न्हाई. वरवंट्याला टोपडं कुठल्या रंगाचं होतं ते तेवढं विचारलं. मी म्हणलं, ते पलूसला विचार, आमच्याकडं आता टोपड्याचं पोर बी न्हाई आणि वरवंटा बी न्हाई.

शिवतेज तान्हा होता तवा त्याचा बाप बी फौजेत होता आणि आई रानात. सागवानी पाळण्याला मी लांब दोरी बांधली होती, पार चुलीपर्यंत. एका हातानं भाकरी थापायची, दुसऱ्या हातानं दोरी ओढायची. मधे भिंत होती, पोर दिसायचं न्हाई. एकदा लय वेळ दोरी ओढली, लय गाणी म्हणली, आणि जाऊन बघते तर जाऊबाईनं पोर कवाच उचलून अंगणात नेलेलं. जाऊबाईचा त्या दिवशी असा राग आला की भाकरी करपली. तवा परवा फोनवर शिवतेजला जे वाटलं असंल ते मला सांगायला नको. त्याची दोरी जरा लांब हाय, एवढंच. आमची चुलीपर्यंत यायची, ह्याची लडाखपर्यंत गेली.

मी त्या यंत्राला लय नावं ठेवली. अजून ठेवते. ते गातं ते मला आवडत न्हाई, आणि तुमच्या आवाजात गातं ते तर मुळीच न्हाई. पण त्याला दोरी न्हाई असं म्हणले होते, ते तेवढं माघारी घेते.

आता काय करायचं विचारता. दिवेलागणीला छकुलीला उचलायचं न्हाई. अंगारा आधी लावा, काय लाड करायचेत ते आधी करा. दिवा लागला की पोरगी पाळण्यात आणि तुमी हाताची घडी घालून बाजूला. रडली तरी लगेच हात घालू नका, बापाला झोका देऊ द्या. मांडी रिकामी वाटंल. वाटू द्या. माझी दीड महिना रिकामीच हाय, मेले न्हाई अजून.

आणि संक्रांत सोडलेली न्हाई मी. शिवांजलीशी काल माझं बोलणं झालं, स्पीकरवर, सगळ्या घरासमोर. ती यायला तयार हाय. तिनं मला विचारलं, पणजीचा आवाज बी पाळण्यात भरू का. तुमच्याजवळ खोटं कशाला बोलू, महिनाभर मी ह्याच एका वाक्याची वाट बघत होते. आलं तवा नको म्हणले. गाणं ऐकायचं तर माझ्या जवळ यावं लागंल. तेवढी एक गोष्ट मी माझ्याजवळ ठेवलीया, तशी तुमीबी काहीतरी ठेवा.

सागवानी पाळणा खाली काढलाय, तेल लावून तुळईला टांगलाय. दिवसा छकुली त्यात. तुमचं ते पांढरं यंत्र गाडीत घालून आणाच. अवघड असलं तरी आणा. सूनबाईनं त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा झाडून ठेवलीया, तिथं रेंज बरी येते म्हणं. दिवे लागले की मी सोता माझ्या हातानं पोरगी उचलून त्यात ठेवीन आणि लांब जाऊन बसेन. माझं मन काय म्हणंल ते तुमी बघू नका, तोंड तिकडं करा.

वरवंटा धुऊन चटणीला घ्या. त्याचा मान झाला.

लोभ असू द्या, आणि त्या वेळेला पाळणा भरलेला असू द्या.

बयाबाई यांचा अंगठा