स्पीकरवरची तपासणी

निपाणी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. बायकोला, शालनला लघवीला जळजळ होतेय म्हणून सुनेनं फोनवर डॉक्टरीणबाई लावून दिल्या. बाई चांगल्या, प्रश्न नेमके. पण आमचा पोरगा विनू स्पीकर लावून बाहेर सोप्यातच बसला. शेजारी चहा पीत माझा थोरला भाऊ, ज्याच्यासमोर शालन अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. थंडी वाजते का, पाठीत दुखतं का? तिच्या आधी विनूच म्हणतो, "न्हाय मॅडम, तसलं काय न्हाय."

तसलं म्हणजे कसलं रं? दुपारी चादरीत कुडकुडत कण्हत होती, ते मी घरापुढच्या दुकानातून ऐकलं. घरात बसून तुला ऐकू येत नाही?

मी सगळ्यांना बाहेर काढलं, फोन तिच्या हातात दिला, दार ओढलं. मग सगळं बोलली. बाई म्हणाल्या, नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही, आत्ताच दवाखान्यात न्या.

गाडीत मी ओरडलो, "तुला तोंड न्हाय व्हय गं?"

"हाय की. पण मला विचारलं की उत्तर तुम्ही देताय. पोरगं तुमच्यावरच गेलंय."

सलाईन लागलंय. ती झोपलीय. विनूला झापायला फोन काढला होता, तो तसाच खिशात ठेवला.