फटींतल्या चिपा

ता. ४ मार्च

चि. फोटोमास्तरास ताईचे पोटभर आशीर्वाद.

फोटो पोचला. टेकडीची माती अडवणाऱ्या आमच्या मागच्या दगडी भिंतीचं एवढं रूप मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं बाई! फटी कशा काजळ घातल्यासारख्या उठून दिसताहेत. तू दोन दिवस स्क्रू-ड्रायव्हरने त्यांतल्या दगडी चिपा उकरत बसलास, तेव्हा हे म्हणाले होते, मेव्हणा भिंतीचे दात कोरतोय. हसून पुरेवाट झाली.

यांच्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर आहे. भिंतीलगतच्या खोलीतच पलंग टाकलाय. कालपासून तिथलं दार मात्र घट्ट बसतंय, सुताराला सांगायला हवं. वाकून वाकून तुझी कंबर धरली ती सुटली का? उत्तराला आळस केलास तर कान धरीन.

तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. राहू दे, आधी हे वाच.

भाऊजींना आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढ. शेजारचा म्हातारा गवंडी माझ्या समाचाराला आला होता. मी मोठ्या ऐटीत फोटो दाखवला. त्याने कौतुक केलंच नाही. चिपा कोणी काढल्या एवढंच विचारलं. मीच, सावली खोल पडावी म्हणून, असं सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. बिनचुन्याच्या भिंतीत मोठे दगड त्या चिपांनीच आवळलेले असतात म्हणे. दाराचं सांगितलं तसा तो उठूनच उभा राहिला, म्हणाला, भिंत सरकून चौकट दाबतेय.

ताई, साठेक काढल्या गं मी. मला अंथरुणातून उठवत नाही, नाहीतर पळत आलो असतो. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. शिव्या मागाहून दे.

तुझा गाढव भाऊ

ता. ८ मार्च

चि. बाळास आशीर्वाद.

हे सुखरूप आहेत. आधी तेवढं वाच.

पत्र दुपारी मिळालं. हे काही केल्या हलेनात. भिंत आजोबांपासून उभी आहे, त्याचं काय ऐकतेस, म्हणून कूस बदलली. मी रडले, ओरडले, शेवटी शेजारचे चौघे गोळा केले. दार अर्ध्यावर अडलेलं, पलंग निघेना. लोहाराने पहार घालून ते उचकटलं. यांना अंगणात ठेवलं, हे अजून तोंडाचा पट्टा चालवतच होते, तेवढ्यात भिंत आली. पलंग होता तिथे कमरेएवढा दगडांचा ढीग पडलाय. घाईघाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझं पत्र वाचून दाखवताना चिपांचं मी गाळलं. हे येईल त्याला सांगताहेत, मेव्हण्याच्या फोटोने जीव वाचवला. मी मान डोलावते आणि आत जाते. मला हे फार जड जातंय रे.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने, स्वतःच वाचा. फोटोने जीव वाचवला म्हणता, तो फोटोपायीच जात होता. मी उकरलेल्या चिपांवरच ती भिंत उभी होती. मला ठाऊक नव्हतं हे खरं; पण कुणाला विचारलंही नाही, हेही खरं. ताईने लपवलं ते माझ्या मायेपोटी, तिला बोलू नका. ज्यांना ज्यांना माझं कौतुक सांगितलंत, त्या सगळ्यांना हेही सांगा.

कंबर सरळ झाली की येतो. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

तुमचा मेव्हणा