डॉमिनंट सेव्हन्थ आणि मेहुणीचा साखरपुडा

२ जानेवारी, सकाळ
आजपासून जॅझ पियानो. कीबोर्ड आणलाय. शाळेत भूगोल शिकवतो म्हणून काय झालं, साऱ्या लोणारात जॅझ येणारा मी पहिलाच असणार. व्हिडिओतले सर म्हणतात, डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड जमला की अर्धं जॅझ आलं. चारच सूर, एकदम दाबायचे. महिनाभरात संपवतो.

५ जानेवारी
सराव नाही. पेपर तपासायचे होते. तपासले नाहीत, पण होते.

९ जानेवारी
चारही सूर एकदम दाबले. बायको, स्नेहलता, स्वयंपाकघरातून धावत आली. काय पडलं, म्हणाली. तिला जॅझचा कान नाही. वाईट वाटून घ्यायचं नाही.

१४ जानेवारी
मोठा शोध! व्हॉइसिंग. म्हणजे कॉर्डचे सूर कसे मांडायचे ते. खरे कलावंत मूळ स्वर वाजवतच नाहीत. तो बेसवाला, म्हणजे खाली खर्जात सूर धरणारा, वाजवतो. एक सूर कमी, मेहनत कमी. हे आधी काऊन नाही सांगितलं?

२१ जानेवारी
मेहुणी भार्गवीचा साखरपुडा, ११ फेब्रुवारीला जानेफळात. तिचा हट्ट, ताईनं गायचं. स्नेहलता लग्नाआधी फार सुंदर गायची म्हणे. नंतर चारचौघांत कधी गायलीच नाही. का, ते विचारायचं राहूनच गेलं. नाही-नाही म्हणत शेवटी कबूल झाली. मी लगेच जाहीर केलं, साथ मी करणार. तिचा चेहरा उतरला. साहजिक आहे, दडपण येतंच.

२८ जानेवारी
तालीम. स्नेहलता म्हणाली, मले सा सापडूनच नाही राह्यला. म्हटलं, तो बेसवाला देईल. म्हणाली, बेसवाला कुठी हाय? मुद्दा तसा बरोबर.

२९ जानेवारी
शेजारचे गुलाबराव भजनात पेटी वाजवतात. त्यांना बेसवाला नेमलं. फक्त सा धरा, म्हटलं. त्यांनी विचारलं, अन् बाकीचं गाणं कोन वाजवते? मी नुसता हसलो.

१० फेब्रुवारी
निर्धार : उद्या फक्त ओळीच्या शेवटी कॉर्ड. आज सराव नको. ताजेपणा जातो.

११ फेब्रुवारी, जानेफळ
पहिल्या ओळीला कॉर्ड दिला. स्नेहलता थांबली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. तिनं डोळे मिटले. पदराचं टोक मुठीत घट्ट. आता उठून जाते की काय, वाटलं. गुलाबराव हळूच म्हणाले, ताई, हा घ्या सा, मी हावो ना. अन् पेटीवर सूर धरून ठेवला.
मग ती गायली. वाढपी बादल्या घेऊन उभेच्या उभे. सासूबाईंचे डोळे वाहत होते. मी दुसऱ्या कॉर्डची जागा शोधत होतो, मग शोधायचंच विसरलो. गाणं संपलं तरी बोटं तशीच हवेत. जॅझमध्ये शांततेलाही फार महत्त्व असतं.

१५ फेब्रुवारी
डोणगावहून निरोप. तिथल्या कार्यक्रमाला स्नेहलता अन् गुलाबराव, दोघांनाही बोलावलंय. आमचा ग्रुप गाजला म्हणायचा. गाडी मी चालवणार आहे. कीबोर्ड घेऊ का, विचारलं. स्नेहलता हसली. किती दिवसांनी! म्हणाली, नका घेऊ जी, पेटीले जागा लागते.
आत्ताच पाहून आलो. मागच्या सीटवर पेटी छान बसते.