इंजिनाला सुतक नाही

मी, सुभद्रा महादेवराव गावंडे, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचं दडपण नाही. तेवढी कोणाची छातीही नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते, वकील रमाताई लिहितात.

घर व शेत मुलगा गजेंद्र यास. पाटल्या व पाण्याचा पितळी गुंड सून पौर्णिमा हिस. नणंद बेबीताई हिस काही नाही. माझ्या लग्नातल्या वरणाला ती अजून नावं ठेवते, तेवढं तिला पुरे.

शेतातल्या शेडमधलं वाफेचं छोटं इंजिन, पान्या-हातोड्यांसह, पौर्णिमेस. आमचे हे रेल्वेत फायरमन होते. बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून त्यांनी ते भंगारात घेतलं. मी म्हटलं होतं, सवत आणायचीच तर निदान चालती आणा. ह्यांनी, पौर्णिमेनं आणि फिटर चंद्रभाननं मिळून नळ्या बदलल्या. पाणी भरून तपासला तेव्हा बॉयलर दाबाला टिकला. पहिला विस्तव घालायच्या आदल्या दिवशी हे गेले.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. रडूही आलं नाही. बाया तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, चहात साखर कमी आहे.

गजेंद्र म्हणाला, "आई, वर्षश्राद्धापर्यंत भट्टी पेटवाची नाही. लोक काय म्हणतीन?" तोवर नळ्या पुन्हा गंजतील. चंद्रभानची नजर तर आताच गेल्यात जमा आहे. त्यात मी मेले, की आणखी एक वर्ष.

म्हणून कलम: माझ्या मरणाचं सुतक इंजिनाला लागू नाही. त्या दिवशी घरची चूल बंद ठेवा, शेजारचे पिठलं-भाकर आणतील. इंजिनाची भट्टी मात्र पौर्णिमेनं पेटवावी.

इथे रमाताई थांबल्या. म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. म्हणजे ह्या कलमानं मी मरेपर्यंत इंजिन थंड? त्या हो म्हणाल्या. गजेंद्र शेडच्या दारात उभा होता.

"मंग खोडा थे कलम," मी म्हटलं. "गजेंद्र, मले मराले येळ आहे. पौर्णिमे, पानी भर."

वरील कलम माझ्या सांगण्यावरून रद्द. बाकी मजकूर वाचून दाखवला, मान्य आहे.

सुभद्रा महादेवराव गावंडे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१) चंद्रभान इंगळे, फिटर
२) संघपाल वानखडे, शेजारी

ठिकाण: इंजिनाची शेड, मूर्तिजापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

टीप: साक्षीदार क्र. १ यांचे हात रिकामे नसल्याने सह्या भट्टी पेटल्यावर घेतल्या.