चुंबकानं झोप उडवली का?

मंगळवार, दिवेलागण

मन उदास राहतंय म्हणून पोरगा मला रोज गाडीतनं हिंजवडीला नेतोय. तितं डॉक्टर डोक्याला चुंबकाचं मशीन लावतोय, नुसतं टकटक, टकटक. मन हलकं झालंय, खोटं कशाला बोलू? पण रातची झोपच गेली. त्या टकटकीनंच, दुसरं काय? डॉक्टरनं झोपेचं इचारलं की माझ्याआधी पोरगंच म्हणतंय, "झोपती चांगली." का?

आज झाडलाच त्याला. हसतोय कसा! "आये, ट्रॅफिकमदी जाता-येता दोन तास घोरतीस. मग झोपतीसच की!"

मी घोरती व्हय? का मला गप करायलाच असं म्हणतोय? उद्या पुढच्या सीटवर बसनार, डोळं उघडं ठेवून. तरी रातच्याला झोप न्हाई आली, तर डॉक्टरशी मीच बोलनार. पोराला भाईर बसवीन.